आजोबांचं रिव्हॉल्व्हर, परवान्यावरचा बोअर आणि ‘महाराष्ट्राची यादी’

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या गावी आजोबा वारले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. वर्षश्राद्धानंतर कपाट आवरताना एक रिव्हॉल्व्हर, थोडी काडतुसं आणि शस्त्र परवान्याचं जुनं पुस्तक सापडलं. परवान्यावर ‘.३८ रिव्हॉल्व्हर’ एवढंच लिहिलंय आणि शेवटचं नूतनीकरण २०१७ मधलं आहे. टेक्सासमधला आतेभाऊ म्हणतो, ‘आमच्याकडे राज्यागणिक कायदा वेगळा, तू आधी महाराष्ट्रात कोणती हत्यारं बंद आहेत त्याची यादी काढ.’ ती यादी कुठे मिळेल? शिवाय देवघरात एक तलवार आहे आणि मुलाकडे छऱ्यांची बंदूक आहे, त्यांचं काय?

यादीचं नंतर बघू. आधी रिव्हॉल्व्हरचं बघा, कारण ते आत्ता तुमच्या घरात आहे, परवाना आजोबांच्या नावाचा होता आणि आजोबा नाहीत. म्हणजे या घडीला त्या हत्याराचा ताबा कुणाचाही कायदेशीर नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं, कुठल्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न लावता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. जमा न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. वर्षभर कपाटात काय आहे हे माहीत नव्हतं, ही बाजू तुम्हाला मांडता येईल. पण सापडल्या दिवसापासून ती बाजू तुमच्याकडे राहत नाही.

लोक नेमकं उलट करतात. सापडलेलं रिव्हॉल्व्हर पुसतात, तेल लावतात, फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि मग ‘बघू या, दिवाळीला सगळे जमलो की ठरवू’ म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे पिशवीत घालून एसटीने तालुक्याच्या ठाण्यात घेऊन जाणं. हेतू चांगला असतो, पण वाटेत नाकाबंदी लागली तर पिशवीत विनापरवाना शस्त्र आणि काडतुसं घेऊन फिरणारा माणूस, एवढंच कागदावर येतं. म्हणून हत्यार आहे तिथेच कुलपात ठेवा. ठाणे अंमलदाराच्या नावे अर्ज लिहा: आजोबांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, केव्हा आणि कुठे सापडलं, ‘कृपया ताब्यात घेऊन पोच द्यावी’. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला द्या. पोलीस येऊन पंचनामा करून नेतील. जमा पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर (म्हणजे नळीच्या आतलं माप) आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. पंचनाम्यात ‘विदेशी बनावटीचे जुने रिव्हॉल्व्हर’ एवढंच लिहून मोकळं होण्याची सवय असते आणि पुढचा सगळा घोळ त्या एका ओळीतून सुरू होतो.

आता यादी. महाराष्ट्राची अशी यादी नाही आणि असूही शकत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतली, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतली, ५ क्रमांकाची नोंदच ‘शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके’ अशी आहे. कोणतं शस्त्र प्रतिबंधित, हे संसद आणि केंद्र सरकार ठरवतं. सातारा, पणजी, पाटणा, कुठेही व्याख्या तीच. तुमचा आतेभाऊ त्याच्या देशापुरता बरोबर आहे. कॅलिफोर्नियात १९८९ पासून ‘असॉल्ट वेपन’ म्हणून ठरवलेल्या रायफलींवर बंदी आहे, टेक्सासमध्ये तशी राज्याची यादीच नाही. आपल्याकडे तसं नाही. शिवाय तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तो मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना पुन्हा बोलून दाखवलं.

मग राज्याच्या हातात काय? कुणाला परवाना द्यायचा, तो कुठे-केव्हा वापरू द्यायचा, केव्हा रद्द करायचा. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर अपील विभागीय आयुक्तांकडे. एवढा कारभार राज्याचा. प्रदेशानुसार खरी सूट हवी असेल तर तीही केंद्रच देतं. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडवांना आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून जी सूट आहे ती ब्रिटिश काळापासून चालत आलेली आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. कोकणात किंवा गोव्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक दिसते तिला मात्र परवाना लागतोच.

पण तुमच्या प्रकरणात राज्याचा एक जुना धागा आहे. १९८७ पूर्वी प्रतिबंधित बोअरचे परवानेही राज्य सरकारं आणि जिल्हाधिकारी देत असत. त्या काळातल्या दहशतवादामुळे केंद्राने १९८७ मध्ये हा अधिकार स्वतःकडे घेतला. त्यामुळे जुन्या फौजी घरांत जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा, एरवी अगदी सरळ दिसणारा परवाना निघतो आणि आतलं हत्यार मात्र आजच्या हिशेबाने दिल्लीच्या अखत्यारीतलं असतं. ‘कलेक्टरने दिलाय म्हणजे साधंच असणार’ हा तर्क इथे चालत नाही.

प्रतिबंधित म्हणजे नक्की काय? कायद्यातली मूळ व्याख्या छोटी आहे. चाप दाबून धरला की सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात असं स्वयंचलित शस्त्र. विषारी वायू किंवा द्रव सोडणारं शस्त्र. तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं. आणि शेवटी, केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल ते. एके-५६ याच व्याख्येत बसते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात संजय दत्तला शिक्षा झाली ती याच कायद्याखाली. टाडा न्यायालयाने दिलेली सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणली. एके-५६ बद्दल कुणाला शंका नसते. शंका असते ती शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पुढच्या कप्प्यांबद्दल, आणि सामान्य घरांतली हत्यारं अडकतात ती तिथेच.

त्या कप्प्यांमागचा विचार समजला की पाठांतर करावं लागत नाही. साहेबाच्या राज्यात ठरलं की फौजेच्या आणि पोलिसांच्या बंदुकीत जाणारं काडतूस रयतेच्या बंदुकीत जाता कामा नये. म्हणजे एखादं हत्यार किती घातक, हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की त्यात सरकारी काडतूस बसतं का. म्हणून .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस घेणारी कुठलीही रायफल यात आली. पूर्वी पोलिसांकडे असायची ती .४१० मस्केट आली. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० आणि .४५५ ची कडवाली (पेंदीला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं आणि लष्करी ९ मिलिमीटर घेणारं जे जे काही, ते सगळं आलं. अर्धस्वयंचलित रायफल आली, वीस इंचांहून आखूड नळीची गुळगुळीत नळीची बंदूकही आली. नियमांत २०१६ पासून ‘प्रतिबंधित’ आणि ‘निर्बंधित’ असे दोन शब्द आहेत. कार्यालयात आणि बाजारात मात्र सरसकट ‘पीबी’ (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात, बाकी सगळं ‘एनपीबी’ (नॉन-प्रोहिबिटेड बोअर).

उरलेल्यात .३२, .२२, .३१५, १२ बोअर ही नेहमीची मंडळी. .३१५ ची रायफल भारतात एवढी का दिसते याचं कोडंही इथेच सुटतं: .३०३ ला मनाई, म्हणून जवळपास तेवढंच पण लष्करी काडतूस न घेणारं माप चालू झालं. .३०-०६ ची गोळी जाडीला ७.६२ इतकीच आहे, तरी ती एनपीबी, कारण तिचं काडतूस लांब आणि लष्करी ७.६२ त्या नळीत नीट बसत नाही. नुसता मिलिमीटरचा आकडा बघून घाबरणारे किंवा निर्धास्त होणारे, दोघेही चुकतात.

तुमच्या ‘.३८’ कडे येतो. वेबली मार्क ४ हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत असलेलं रिव्हॉल्व्हर, आपल्या फौजेतल्या आणि पोलिसांतल्या जुन्या लोकांना चांगलं माहीत. मधून मोडून उघडतं, सहा घरांचं. सांगाड्यावर ठसा असतो: ‘मार्क ४’, ‘.३८’ आणि त्याच्यापुढे ‘१४५/२००’. हा शेवटचा आकडा गोळीच्या वजनाचा, ग्रेन या मापात. अनेक परवान्यांवर कारकुनाने हा आकडा भलत्याच रकान्यात टाकलेला असतो. शस्त्राचा क्रमांक तो नव्हे. हे रिव्हॉल्व्हर .३८० चं कडवालं लष्करी काडतूस घेतं, म्हणून पीबी. आता कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवा. ते वेबलीच्याच धर्तीवर बनलेलं आहे. तसंच मोडून उघडतं, तशीच सहा घरं. लांबून बघितलं तर भावंडं वाटतील. पण या .३२ ला जिल्हाधिकारी परवाना देऊ शकतात, आणि वेबली विनापरवाना सापडलं तर किमान सात वर्षांची भाषा सुरू होते. म्हणून तुमच्या परवान्यावरचं ‘.३८’ पुरेसं नाही. सांगाड्यावरचा ठसा आणि काडतुसाच्या पेंदीवरचा ठसा, दोन्ही पंचनाम्यात हवेत. काडतुसावर ‘के एफ’ दिसलं तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. त्याने बनावट कळते, पीबी की एनपीबी ते मात्र मापावरूनच. शेवटचा शब्द न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक अहवालाचा.

सात वर्षं म्हणालो त्याचा हिशेब. साधं शस्त्र विनापरवाना असेल तर कलम ३ चा भंग. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षं, आणि पुरेशी विशेष कारणं असतील तर न्यायालय कारणं नोंदवून त्याहून कमी देऊ शकतं. प्रतिबंधित शस्त्र असेल तर कलम ७ चा भंग. त्याला आधी पाच ते दहा वर्षं होती, आता सात ते चौदा. आणखी एक फरक वकिलांनासुद्धा पटकन आठवत नाही. कलम ३ खाली खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३९ प्रमाणे. कलम ७ ला ती चाळणी नाही. म्हणूनच ‘शस्त्र नक्की कुठल्या कप्प्यातलं’ यावर आरोपीच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून भांडायचं असतं, निकालाच्या वेळी नव्हे. आणि जुन्या पुस्तकांत प्रतिबंधित शस्त्राने माणूस मेला तर सक्तीची फाशी असं वाचलं असेल, तर ते कलम २७(३) सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवून काढून टाकलंय.

‘गंजलंय, चालत नाही’ ही पळवाट बहुतेक वेळा पळवाट नसते. कलम ४५ मध्ये जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे खरी, पण शब्द नीट वाचा: दुरुस्ती करूनही किंवा न करताही जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही असं. मोडलेला घोडा, बसलेली स्प्रिंग हे दुरुस्त होतं. नळी कायमची बुजवलेली, फायरिंग पिनची जागा वेल्ड केलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही प्रयोगशाळेने म्हणायला हवं.

दुसरीकडे, ‘सापडलं म्हणजे शिक्षा झालीच’ असंही नाही. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात १९७२ मध्ये सांगितलंय. हत्यार अंगावर नसलं तरी त्यावर हुकमत आणि त्याची जाणीव असेल तर ताबा, आणि जाणीवच नसेल तर नाही. विमानतळावर बॅगेच्या अस्तरात एखादं काडतूस निघतं, बॅग वडिलांची किंवा फौजी भावाची असते, अशी प्रकरणं उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर रद्द केली आहेत. पण त्यासाठी आधी गुन्हा दाखल होतो, उड्डाण हुकतं, वकील करावा लागतो. काडतुसं वेगळी मोजा, ती ‘रिव्हॉल्व्हरसोबतची किरकोळ वस्तू’ नव्हेत. प्रतिबंधित दारूगोळ्याची वेगळी व्याख्या आहे आणि कलम ७ त्यालाही लागू आहे.

वारसाने परवाना मिळेल का? एनपीबी असतं तर मी म्हणालो असतो, अर्ज करा, बहुधा मिळेल. नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे आणि ती मृत्यूनंतरच नाही: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावे मागणी करू शकतो. हे कळलं असतं तर कितीतरी घरांतला त्रास वाचला असता. मृत्यू दाखला, वारसांची यादी, बाकीच्या वारसांची ना-हरकत, जमा पावती हे कागद लागतात. आत्या आणि काका यांची ना-हरकत सगळ्यात उशिरा येते, तिथून सुरुवात करा. वारसाने आलं तरी दोनच्या वर अग्निशस्त्रं एका माणसाकडे नकोत, हेही २०१९ चं बंधन. आधी तीन चालायची.

पीबी निघालं तर अर्ज जिल्ह्यातून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तिथे ‘आजोबांची आठवण’ हे कारण चालत नाही. दहशतवादी किंवा अतिरेकी कारवायांमुळे जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका, अशा स्वरूपाची कारणं नियमांत आहेत. निवृत्त सुभेदाराच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाला त्यात बसवणं मला अवघड दिसतं आणि मी तुमच्याकडून फी घेऊन ते बसवायचा प्रयत्नही करणार नाही. जमा केलेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत परवाना काढून परत घेता येतं किंवा ते बाळगायचा अधिकार असलेल्याला विकता येतं, नाहीतर सरकारजमा होतं. पीबीला गिऱ्हाईक कुठून आणणार? पदकं, पट्टा, पासबुक, फोटो ठेवा. रिव्हॉल्व्हर सोडून द्या. आणि परवान्याच्या पुस्तकावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर आहे का तेवढं बघा. राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमध्ये नोंद नसलेला, म्हणजे हा नंबर नसलेला परवाना अवैध धरतात. २०१७ नंतर आजोबांनी काही केलं नसेल तर तो नसण्याची शक्यताच जास्त.

तलवारीचं प्रकरण वेगळ्या कायद्याच्या वाटेने जातं, आणि इथे राज्य खरोखर दिसतं. तलवार हे शस्त्र आहेच, पण अग्निशस्त्र नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं, घरकाम-शेतीसाठी नसलेलं हत्यार या वर्गात येतं. कोयता-विळा मुळात शेतीसाठीचे, पण ते हातात घेऊन चौकात नाचलं की तो बचाव राहत नाही. अशा हत्याराला परवाना लागतो तो केंद्राने कलम ४ खाली अधिसूचित केलेल्या भागात. दुसरीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) पोलीस आयुक्त आणि जिल्हादंडाधिकारी यांना हत्यारं, लाठ्याकाठ्या घेऊन फिरायला मनाई करण्याचा अधिकार देतं. पेपरात रोज छापून येतं ते ‘आर्म्स ॲक्ट ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३), १३५’ हे त्या दोन वाटांचं एकत्र गाठोडं. तलवारीने केक कापून रील टाकणारा प्रत्येक ‘भाई’ याच गाठोड्यात जातो. बचाव करताना मी दोन कागद मागतो: कलम ४ ची अधिसूचना आणि त्या दिवशी लागू असलेला मनाई आदेश. हे आदेश ठरावीक मुदतीचे असतात, एक संपतो आणि दुसरा निघतो, मध्ये कधी कधी फट राहते. देवघरातली पिढीजात तलवार खंडेनवमीला पूजून पुन्हा जागेवर ठेवणाऱ्याला मी आजवर अडचणीत आलेला पाहिलेला नाही. मिरवणुकीत नेऊ नका, ऑनलाइन नव्या चार मागवू नका.

छऱ्यांची बंदूक .१७७ बोअरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची असेल तर परवाना नको. .२२ ची एअर रायफल असेल तर लागतो. खोक्यावर दोन्ही आकडे असतात, खरेदीच्या पावतीसोबत ते खोकं जपून ठेवा. आणि ‘पॉवर वाढवून देतो’ म्हणून मोठी स्प्रिंग बसवणाऱ्याकडे मुलाला पाठवू नका, २० जूल ओलांडले की ती परवान्याची बंदूक होते.

शेवटी आतेभावासाठी, कारण त्याने सल्ला दिला आहे तर त्यालाही एक देतो. टेक्सासमध्ये चालणारी १५ गोळ्यांची मॅगझिन घेऊन तो न्यू जर्सीत राहायला गेला तर तिथे दहाच्या वर गोळ्यांची मॅगझिन बाळगणंच गुन्हा आहे, २०१८ पासून. नुसतं एखाद्या राज्यातून पार जायचं असेल तर संघराज्याचा कायदा संरक्षण देतो: शस्त्र रिकामं आणि हाताशी येणार नाही असं ठेवलेलं असावं, आणि निघतो ते व पोचतो ते राज्य, दोन्हीकडे ते कायदेशीर असावं. आणि तो अजून एच-१बी या नोकरीपुरत्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, ग्रीन कार्ड झालं नसेल, तर राज्यांची यादी बाजूला ठेवून आधी संघराज्याचा कायदा वाचायला सांगा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला तिथे सरसकट मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. टेक्सासने कितीही मोकळीक दिली तरी ही मनाई कायम राहते, आणि मित्रासोबत रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेण्यालाही ती लागते.